गेमिंग संगणकासाठी अंतर्गत साउंड कार्ड निवडताना

गेल्या उन्हाळ्यात मी इंदूरच्या रामबागेत बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले, माऊस टेबलावर गोल फिरवला आणि विचारले, “मामा, ऐकू येतंय का?” ऐकू येत होते. पडद्यावर गेम सुरू नव्हता, गाणेही लागलेले नव्हते, तरी माऊस हलला की कानात चिरचिर होत होती आणि तो थांबला की तीही थांबत होती. गेमचा मेनू उघडल्यावर त्याच चिरचिरीची बारीक, शिट्टीसारखी अखंड लकेर झाली. साउंड कार्ड घ्यायचे असे त्याने ठरवूनच टाकले होते आणि कोणते घ्यावे एवढेच त्याला माझ्याकडून हवे होते. मी त्याला उत्तर न देता संगणक टेबलाबाहेर ओढायला सांगितले, कारण कार्ड निवडण्याचे काम कार्डापासून सुरू होत नाही. ते आवाजाच्या वाटेपासून सुरू होते आणि ती वाट नीट तपासल्यावर अनेकांना कार्डाची गरजच उरत नाही.

गेमने तयार केलेला आवाज संगणकात शेवटपर्यंत आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर जिथे होते, तिथूनच आवाजाचा खरा दर्जा ठरू लागतो. साध्या ३.५ मिलिमीटर पिनेच्या हेडफोनसाठी हे रूपांतर मदरबोर्डवरील ध्वनिचिपेत किंवा साउंड कार्डात होते. हेडसेट यूएसबीचा असेल, तर रूपांतर करणारी चिप हेडसेटच्या वायरीत किंवा खोक्यात बसवलेली असते. तो बिनतारी असेल, तर ती कानावरच्या भागात असते. मॉनिटरच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरमधून ऐकत असाल, तर आवाज एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या तारेतून ग्राफिक्स कार्डामार्गे जातो. या तिन्ही प्रकारांत मदरबोर्डच्या शेजारी कितीही उंची साउंड कार्ड बसवले, तरी आवाज त्याच्या वाटेला जात नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून कार्ड आणले, घरी बसवले आणि दोन दिवस फरक शोधत राहिलो. माझा हेडसेट यूएसबीचा होता. विकणाऱ्याने हेडसेट कोणता आहे हे विचारले नव्हते आणि मलाही ते सांगण्याचे सुचले नव्हते. उघडलेले खोके परत घेतले गेले नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या हेडफोनची पिन हातात घेऊन पाहावी. ती गोल असेल तरच पुढचे वाचावे. चपटी यूएसबी असेल आणि आवाज बरा वाटत नसेल, तर पैसे हेडफोन बदलण्यावर घालावेत.

मदरबोर्डवरील आवाज मुळातच वाईट असतो, हा समज एका काळी खरा होता. क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीने १९८९ मध्ये पहिले साउंड ब्लास्टर बाजारात आणले, तेव्हा कार्डाशिवाय संगणकातून निव्वळ बीप ऐकू येत असे. पुढे १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके इंटेलने आणली आणि ध्वनिचिप मदरबोर्डवरच बसू लागली. त्यानंतरही गेमर मंडळी वेगळे कार्ड घेत राहिली. गेममधील गुहेचा घुमारा, भिंतीआडचा दबलेला आवाज यांचे गणित तेव्हा कार्डावरची चिप करत असे आणि त्यामुळे प्रोसेसरचा भार हलका होत असे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली आणि तिने डायरेक्टसाउंड या विंडोजच्या ध्वनिप्रणालीचा हा थेट हार्डवेअरपर्यंतचा रस्ता काढून टाकला. आजचे गेम हे गणित प्रोसेसरवर स्वतःच करतात आणि आजच्या प्रोसेसरला त्याचे ओझे जाणवत नाही. म्हणून कार्ड बसवल्याने एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतात असे आजही कोणी सांगत असेल, तर तो सल्ला वीस वर्षांपूर्वीचा आहे. कार्डाचे आजचे काम तीन गोष्टींपुरते आहे: स्वच्छ रूपांतर, हेडफोनला पुरेसा जोर आणि सोयीचे सॉकेट. या तिन्हींपैकी आपल्याकडे कशाची उणीव आहे, हे आधी शोधायचे.

आधी घरच्या घरी तपासणी

हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, मदरबोर्डच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावावेत. विंडोजमधील आवाज पूर्ण १०० वर न्यावा, पण काहीही वाजवू नये, आणि नंतर चुकून काही वाजू नये म्हणून सगळे प्रोग्रॅम बंद करावेत. ध्वनीच्या सेटिंगमध्ये माइकचा आवाज स्वतःच्या कानात परत ऐकवणारा पर्याय सुरू असेल, तर तोही बंद करावा. पुष्कळदा खरखर तिथूनच येते. आता माऊस फिरवावा, एखादे लांब पान वरखाली सरकवावे, पेन ड्राइव्हवर मोठी फाइल उतरवावी आणि शेवटी एखाद्या जड गेमचा आवाज त्याच्या सेटिंगमध्ये आधीच शून्यावर नेऊन त्याचा मेनू उघडून ठेवावा. मेनूमध्ये चित्र साधे असल्याने ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटते आणि त्याच्या विजेच्या मागणीतले चढउतार कानात शिट्टीसारखे उमटतात. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घालून पाहावी. त्याने शिट्टी कमी झाली, तर दोष कुठला ते कळले आणि निम्मा उपायही झाला.

ही चाचणी करताना जुनी ध्वनिमुद्रणे वाजवून निर्णय घेऊ नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आमच्या इंदूरकरांच्या घरात उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल असतोच. त्यातल्या तानपुऱ्याच्या मागे जी मंद सरसर ऐकू येते, ती बहुधा मूळ टेपची असते, संगणकाची नव्हे. शांततेची परीक्षा शांततेतच घ्यावी. खोलीतला पंखा आणि कूलरही त्या पाच मिनिटांपुरता बंद ठेवावा.

भाच्याच्या संगणकावर हेडफोन मागच्या सॉकेटमध्ये लावताच चिरचिर संपली. दोष पुढच्या सॉकेटकडे जाणाऱ्या वायरीचा होता. कॅबिनेटचे झाकण काढल्यावर ती काळी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर आडवी पडलेली दिसली, आणि तिच्या अगदी खालून कार्डाला वीज पुरवणारी जाड तार गेली होती. ही वायर बहुतेक कॅबिनेटमध्ये अगदी साधी असते, आसपासच्या विजेची कुजबुज ती सहज पकडते. आम्ही ती सोडवली, मदरबोर्डच्या मागच्या पोकळीतून फिरवली आणि खालच्या कोपऱ्यातल्या तिच्या नऊ पिनांच्या जागेवर पुन्हा लावली. पुढच्या सॉकेटचा आवाजही जवळजवळ शांत झाला. खर्च काही झाला नाही. ज्यांना पुढचे सॉकेटच हवे असते, त्यांच्यासाठी एक चांगली एक्स्टेंशन वायर मागच्या सॉकेटपासून टेबलापर्यंत आणणे हा दुसरा उपाय. ती जेल रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते.

स्पीकरमधून सतत जाड ‘घूं’ असा आवाज येत असेल आणि हेडफोनमध्ये मात्र शांतता असेल, तर तो विषय निराळा आहे. संगणक आणि स्पीकर भिंतीच्या दोन वेगवेगळ्या प्लगांतून वीज घेत असतील, तर दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि तो फरक ऑडिओच्या तारेतून वाहू लागतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले की बऱ्याचदा काम भागते. माळव्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात ओल उरत नाही, अर्थिंगच्या खड्ड्याची ताकद घटते आणि तक्रार नेमकी एप्रिल-मे महिन्यांत सुरू होते. खड्ड्यात पाणी घालण्याची जुन्या लोकांची सवय उगाच नव्हती. मात्र या गुणगुणीचा त्रास घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे हे कोणीही, कधीही करू नये. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, बिघाड झाला, तर कॅबिनेटच्या पत्र्यात वीज उतरेल आणि तिला जमिनीत जायला हात लावणाऱ्याच्या अंगाशिवाय दुसरी वाट राहणार नाही. अंतर्गत साउंड कार्डही त्याच कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असल्याने ते हा दोष दूर करू शकत नाही. स्पीकरला ऑप्टिकल सॉकेट असेल, तर ऑप्टिकल तारेने मात्र तो मुळातून जातो, कारण त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही.

हेडफोन कोणता, यावर कार्ड कोणते

मागच्या सॉकेटमध्येही खरखर उरली असेल, किंवा आवाज पूर्ण वाढवूनही हेडफोन हळू आणि निर्जीव वाटत असतील, तर कार्डाचा विचार रास्त ठरतो. इथे सगळ्यात महत्त्वाचा आकडा हेडफोनच्या खोक्यावर छापलेला असतो, तो म्हणजे त्याचा अडथळा, ओहममध्ये. बहुतेक गेमिंग हेडसेट १६ ते ६४ ओहमचे असतात. स्टुडिओच्या कामासाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये मात्र बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोची एक आवृत्ती २५० ओहमची आहे, आणि सेनहायझर एचडी ६०० तीनशे ओहमचा आहे. हे हेडफोन गेमसाठीही अनेकजण घेतात, कारण त्यांच्या मागच्या बाजूने हवा खेळती असते, आवाज मोकळा वाटतो आणि पावले कोणत्या दिशेने येत आहेत ते अधिक स्पष्ट कळते.

एका साध्या हिशेबावरून फरक लक्षात येईल. सॉकेटमधून १ व्होल्टचा आवाज बाहेर पडत आहे असे धरू. तो ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण ३१ मिलिवॅट शक्ती देतो. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याच व्होल्टमध्ये जेमतेम सव्वातीन मिलिवॅट मिळते. म्हणजे मोठ्या ओहमच्या हेडफोनला वर न्यायचे तर व्होल्ट वाढवावे लागतात, आणि साध्या मदरबोर्डचे सॉकेट तिथेच कमी पडते. अशा हेडफोनसाठी कार्डाच्या माहितीपत्रकात ‘३०० ओहम’ किंवा ‘६०० ओहमपर्यंत’ असा हेडफोन अँपचा, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या भागाचा, स्पष्ट उल्लेख असला पाहिजे. ओहमच्या जोडीला हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती मोठा वाजतो, हेही पाहावे, कारण कमी संवेदनशील हेडफोन ३२ ओहमचा असला तरी जोर मागतो.

उलट बाजूची अडचण कमी ओहमच्या हेडफोनला येते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सॉकेटचाही स्वतःचा एक अडथळा असतो. स्वस्त मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये तो ७५ ओहम किंवा त्याहून अधिकही आढळतो. हेडफोनचा अडथळा सर्व स्वरांना सारखा नसतो, खालच्या स्वरांत तो बऱ्याचदा वाढलेला असतो. सॉकेटचा अडथळा जास्त असला की त्या स्वरांच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात आणि स्फोटांचा, इंजिनांचा आवाज फुगून पावलांचा बारीक आवाज त्याखाली दबतो. सॉकेटचा अडथळा हेडफोनच्या एकअष्टमांशापेक्षा कमी असावा, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहमच्या आत हवा. साउंड ब्लास्टर एई-५ मालिकेच्या हेडफोन अँपचा अडथळा १ ओहम असल्याचे कंपनी सांगते. गेममध्ये कान लावून खेळणाऱ्याला खोक्यावरच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका आकड्याने जास्त फरक पडतो, असे माझे मत आहे.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो आवाज आणि खरखर यांच्यामधील अंतराचा आकडा, डेसिबलमध्ये. सीडीच्या १६ बिट ध्वनीला हे अंतर साधारण ९६ डेसिबल मिळते. साउंड ब्लास्टर झेड एसई आणि ॲसूस झोनार एसई या कार्डांसाठी ११६, एई-५ प्लससाठी १२२, एई-९साठी १२९ डेसिबल असा दावा कंपन्या करतात. मात्र रिअलटेक एएलसी १२२० ही मदरबोर्डवर बसणारी चिपही स्वतःपुरते १२० डेसिबल सांगते. यातली मेख अशी की चिपेचा आकडा आणि ती चिप बसवलेल्या मदरबोर्डच्या सॉकेटवर मिळणारा आकडा वेगळे असतात. मधल्या वाटेवर ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि वीजपुरवठा यांचा गोंगाट मिसळतो. म्हणून ११६ विरुद्ध १२२ अशी तुलना करत रात्र घालवू नये. वर सांगितलेल्या चाचणीत आपल्या कानाला खरखर ऐकू येत नसेल, तर कागदावरची वाढ ऐकू येणार नाही.

तीच गोष्ट ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट वगैरे छापील अक्षरांची. गेम आणि व्हिडिओंचा आवाज बहुतांशी ४८ किलोहर्ट्झचा असतो. त्याहून वरचे आकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत.

सातपूर्णांक एक, म्हणजे ७.१ वाहिन्यांचा प्रश्न थोडा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण त्यावर पैसे वाया जातात. आपल्याकडे खरोखर सहा किंवा आठ स्पीकरांचा संच असेल आणि तो वेगवेगळ्या पिनांनी जोडायचा असेल, तर कार्डावर तेवढी सॉकेट हवीत: पुढच्या जोडीला हिरवे, मागच्या जोडीला काळे, मधला स्पीकर आणि सबवूफरला नारिंगी, बाजूच्या जोडीला करडे. संच ऑप्टिकल तारेने जोडायचा असेल, तर कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट हवे. ऑप्टिकल तारेत संपीडन न केलेल्या दोनच वाहिन्या मावतात आणि गेमच्या सहा वाहिन्या तिच्यातून पाठवायच्या तर त्या खेळतानाच दाबून बांधाव्या लागतात. हेडफोनवर खेळणाऱ्याला यातले काहीही लागत नाही. कान दोनच आहेत. आवाज दोन्ही कानांपर्यंत किती फरकाने पोहोचतो आणि कानाच्या पाळीवर आदळून कसा बदलतो, याच्या गणितातून डोके दिशा ओळखते आणि त्या गणिताची नक्कल आता अनेक गेम स्वतःच करतात. व्हॅलोरंट या गेमच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे. गेमची ही सोय सुरू असताना कार्डाचा आभासी सराउंड किंवा विंडोजचा स्पेशियल साउंडही सुरू ठेवला, तर एकावर दुसरे गणित चढते आणि दिशा पुसट होते. दोन्हींपैकी एकच ठेवावे. गेममध्ये सोय असेल, तर गेमचीच ठेवावी.

माइकबद्दल थोडक्यात. हेडसेटची एकच पिन असून तिच्यावर तीन काळ्या कड्या असतील, तर ती मोबाइलसाठीची चार भागांची पिन आहे आणि बहुतेक कार्डांना तिच्यासाठी हेडफोन व माइक वेगळे करणारा दुभाजक लागतो. हेडसेटच्या माइकसाठी कार्डामुळे होणारी सुधारणा बेताचीच असते. गेम खेळताना थेट प्रसारण करणाऱ्याने आवाजासाठी निराळा यूएसबी माइक घेणे जास्त हिताचे.

कॅबिनेटमध्ये जागा आहे का

आजची कार्डे पीसीआय एक्सप्रेस एक्स-१ स्लॉटमध्ये बसतात. या छोट्या स्लॉटची क्षमता अपुरी पडेल का, असे काहीजण विचारतात. आठ वाहिन्यांचा २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ आवाज सेकंदाला पाच मेगाबाइटपेक्षाही कमी जागा घेतो आणि सर्वांत जुन्या पिढीचा एक्स-१ स्लॉटही सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेतो. अडचण क्षमतेची नसून जागेची असते. आजची मोठी ग्राफिक्स कार्डे अडीच ते साडेतीन स्लॉट जाडीची असतात आणि मायक्रो एटीएक्स या लहान आकाराच्या मदरबोर्डवरचा एकुलता एक छोटा स्लॉट नेमका त्यांच्याखाली झाकला जातो. मिनी आयटीएक्स या त्याहून लहान मदरबोर्डवर तर एकच स्लॉट असतो आणि तो ग्राफिक्स कार्डाला लागतो.

म्हणून कॅबिनेट आडवे ठेवून, टॉर्च घेऊन आत पाहावे. एक्स-१ कार्ड लांब एक्स-४ किंवा एक्स-१६ स्लॉटमध्येही चालते, हे लक्षात ठेवावे. पण मदरबोर्डची पुस्तिका अवश्य उघडावी. काही मदरबोर्डांवर खालचा स्लॉट आणि एखादा एम.२ एसएसडीचा स्लॉट एकच वाट वापरतात, एक भरला की दुसरा बंद पडतो. काहींवर खालचा लांब स्लॉट भरताच ग्राफिक्स कार्डाची वाट निम्मी होते. साउंड कार्ड ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितके दूर, सर्वांत खालच्या स्लॉटमध्ये बसवावे. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांच्या तोंडाशी ते अजिबात बसवू नये, कारण मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेलेला असताना पंख्याला श्वास घ्यायला जागा राहिली नाही, तर ग्राफिक्स कार्ड तापून वेग कमी करेल, आणि आवाज सुधारण्याच्या नादात खेळ बिघडेल. पुढच्या पॅनलची ऑडिओ वायर नव्या कार्डापर्यंत पोहोचते का, तेही दोऱ्याने मोजून पाहावे. एसएमपीएसकडे पाहून घ्यावे: साउंड ब्लास्टर एई-९सारख्या कार्डाला वेगळी सहा पिनांची वीज लागते. अरुंद कॅबिनेट असेल, तर सोबत अर्ध्या उंचीची पट्टी येणारे कार्ड शोधावे.

जागाच नसेल, तर हट्ट सोडून बाहेरचा यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारी डबी, घ्यावा. आवाजाच्या दृष्टीने तो कमी दर्जाचा पर्याय नाही. रूपांतर कॅबिनेटच्या बाहेर होते, म्हणून आतल्या गोंगाटापासून तो लांबच राहतो, आणि उद्या लॅपटॉपलाही लावता येतो. अंतर्गत कार्डाची बाजू जिथे वरचढ आहे ती अशी: टेबलावर आणखी एक डबी आणि तार नको, मागे अनेक स्पीकर कायम जोडून ठेवायचे आहेत, आणि पुढच्या पॅनलचे सॉकेटही चांगल्या आवाजात वापरायचे आहे.

मग निवड कशी करावी? ३२ ओहमच्या आसपासचा साधा हेडसेट आहे, मागच्या सॉकेटमध्ये खरखर आहे आणि एवढाच दोष घालवायचा आहे, अशांना साउंड ब्लास्टर ऑडिजी एफएक्स किंवा झोनार एसई या पायरीवरचे कार्ड पुरते. २५० ओहमच्या पुढचा हेडफोन असेल किंवा कमी ओहमचा पण उत्तम हेडफोन असेल, तर एई-५ प्लसच्या पायरीवर जावे. एई-९ मी फक्त त्यालाच सुचवेन, ज्याला स्टुडिओचा, ४८ व्होल्टची वीज लागणारा माइक त्याच कार्डाला जोडायचा आहे. कार्डाची किंमत हेडफोनच्या किमतीपुढे जाऊ लागली की थांबावे; तेच पैसे हेडफोनमध्ये घातले तर कानाला अधिक मिळते. दिव्यांच्या रोषणाईसाठी वरचे मॉडेल घेऊ नये.

इंदूरमध्ये संगणकाच्या सुट्या भागांसाठी आर.एन.टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल हेच आपले ठिकाण. साउंड कार्ड मात्र दुकानात मांडून ठेवलेले क्वचित दिसते, बहुधा मागवून द्यावे लागते. त्यामुळे जाताना मॉडेलचे पूर्ण नाव लिहून न्यावे, कारण ‘झेड’ आणि ‘झेड एसई’ किंवा ‘एई-५’ आणि ‘एई-५ प्लस’ यांत फरक आहे. डॉल्बी आणि डीटीएसची वर सांगितलेली सोय ‘प्लस’मध्ये दिली गेली. पक्के जीएसटी बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि कार्ड परत करण्याची मुदत किती आणि खोके उघडल्यावर ती लागू राहते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जुने कार्ड घेत असाल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. सोनेरी कडेवर एक मोठी खाच असलेले, लांब जुन्या पीसीआय स्लॉटचे कार्ड आजच्या मदरबोर्डवर बसतच नाही. आणि बसणारे असले, तरी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी विंडोज ११चा ड्रायव्हर आहे का, ते मोबाइलवर तिथेच उभे राहून तपासावे. एके काळी नावाजलेली अनेक कार्डे केवळ ड्रायव्हरअभावी निरुपयोगी झाली आहेत.

बसवताना

संगणक बंद करून एसएमपीएसचा मागचा खटका बंद करावा, मग कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कार्ड कडांनी धरावे, सरळ खाली दाबावे आणि स्क्रू लावायला विसरू नये. स्क्रू न लावलेले कार्ड हेडफोनची पिन ओढताच तिरपे होते. पुढच्या पॅनलची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डावर लावावी आणि ती ग्राफिक्स कार्डापासून लांबून न्यावी.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. विंडोजमध्ये नव्या कार्डाला मुख्य साधन म्हणून निवडावे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवावे, आणि कार्डाच्या प्रोग्रॅममधील बास वाढवणे, आवाज ‘चमकवणे’ असे सगळे पर्याय पहिल्या दिवशी बंद ठेवावेत. हेडफोनच्या जोराचा पर्याय असेल, तर आपल्या ओहमप्रमाणे निवडावा. सुरुवात आवाज कमी ठेवून करावी, कारण कार्डाचा जोर मदरबोर्डपेक्षा बराच जास्त असतो आणि पहिलाच स्फोट कानाला इजा करू शकतो.

त्यानंतर सुरुवातीची तीच चाचणी, त्याच हेडफोनवर, पंखा बंद करून पुन्हा करावी. जुन्या आणि नव्या आवाजाची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्यामुळे फसगत होते. पाठीमागून येणारी पावले, दूरवरचा दरवाजा, बंदुकीत गोळ्या भरण्याचा आवाज असे एकच दृश्य दोन्ही सॉकेटवर ऐकावे, आणि शक्य झाल्यास पिना घरातल्या दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्याव्यात, म्हणजे आपण कोणत्या सॉकेटवर ऐकत आहोत हे आपल्याला कळणार नाही. भाच्याने सहा महिन्यांनी २५० ओहमचे हेडफोन घेतले आणि कार्डही मागवले, तेव्हा हे काम बहिणीने केले. दहापैकी दहा वेळा त्याने कार्ड ओळखले. त्याच संध्याकाळी त्याने माझे जुने ३२ ओहमचे हेडफोन लावून तीच परीक्षा दिली, तेव्हा त्याला पाचच वेळा ओळखता आले. मी माझ्या संगणकासाठी कार्ड मागवले नाही.